तिसरा रिचर्ड : दोन वर्षांची कारकीर्द आणि पाचशे वर्षांचा वाद

इंग्लंडच्या गादीवर तिसरा रिचर्ड हा राजा इ. स. १४८३ च्या जूनपासून १४८५ च्या ऑगस्टपर्यंत होता. म्हणजे त्याची सारी कारकीर्द उणीपुरी दोन वर्षे आणि दोन महिन्यांची. इतक्या थोडक्या काळात राज्य करून गेलेल्या राजाचे नाव एरवी वंशावळीतल्या एका ओळीपलीकडे गेले नसते. या राजाचे तसे झाले नाही. आपल्याकडे ज्यांनी कॉलेजात शेक्सपिअर वाचला असेल त्यांच्या तो चांगल्या परिचयाचा आहे. पाठीला कुबड, एक हात वाळलेला, चाल लंगडी, जिभेवर साखर आणि पोटात विष, असा हा पुरुष एकामागून एक आप्तांचा काटा काढीत सिंहासनापर्यंत पोहोचतो आणि अखेर बाजी हरल्यावर रणांगणात घोड्यासाठी आक्रोश करीत मरतो. उलट पक्षी, याच राजाच्या चारित्र्याचा फेरविचार व्हावा म्हणून खुद्द इंग्लंडात एक संस्था १९२४ पासून झटत आहे, आणि हा राजा शूर, न्यायी व भला होता असे मानणारे लोक तेथे थोडेथोडके नाहीत.

एकाच माणसाची ही दोन चित्रे. यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न तर आहेच. परंतु आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा की, ते ठरवावयाचे कशाच्या आधारावर? जेत्याच्या लेखकांनी पराभूताचे चरित्र लिहिले म्हणजे ते सारे खोटे समजावयाचे काय? आणि ते खोटे ठरले, तर पराभूत मनुष्य आपोआप निर्दोष ठरतो काय? या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने आम्ही या राजाची हकीकत येथे मांडीत आहोत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. पंधराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या गादीवर सहावा हेन्री हा दुबळ्या मनाचा राजा होता. त्याला मधूनमधून वेडाचे झटके येत. राजघराण्याच्या दोन शाखा, लँकेस्टर आणि यॉर्क, यांच्यात गादीसाठी झगडा जुंपला. पुढच्या काळात या झगड्याला 'गुलाबांची युद्धे' असे नाव पडले. रिचर्डचा जन्म २ ऑक्टोबर १४५२ रोजी फॉदरिंगे येथील किल्ल्यात, यॉर्क शाखेत झाला. तो आठ वर्षांचा असताना, १४६० च्या डिसेंबरात, वेकफील्डच्या लढाईत त्याचा बाप आणि एक तरुण भाऊ मारले गेले. बापाचे शीर कागदी मुकुट घालून यॉर्क शहराच्या वेशीवर टांगण्यात आले. तीनच महिन्यांनी फासा उलटला आणि रिचर्डचा थोरला भाऊ चौथा एडवर्ड हा राजा झाला. ज्या समाजात हा मुलगा वाढला त्यात राज्य मिळणे आणि शीर जाणे यांत किती थोडे अंतर होते, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

भावाच्या हयातीतला रिचर्ड हा शत्रूंनाही नावे ठेवण्यास फारशी जागा देत नाही. 'निष्ठा मला बांधून ठेवते' अशा अर्थाचे फ्रेंच बोधवाक्य त्याने धारण केले होते, आणि ते त्याने भावापुरते तरी पाळले. मधला भाऊ क्लॅरन्स हा राजाविरुद्ध बंडखोरांना जाऊन मिळाला. रिचर्ड मात्र १४७० मध्ये राजाबरोबर परागंदा झाला आणि १४७१ मध्ये बार्नेट व ट्यूक्सबरी या दोन्ही लढायांत, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या बाजूने लढला. पुढे दहा-बारा वर्षे उत्तर इंग्लंडचा कारभार त्याच्याकडे होता. यॉर्क शहराच्या दप्तरात त्याच्याविषयीच्या नोंदी आहेत. तेथील नागरिक आपली गाऱ्हाणी त्याच्याकडे नेत आणि तो त्यांत लक्ष घालीत असे, असे त्या नोंदींवरून दिसते.

९ एप्रिल १४८३ रोजी चौथा एडवर्ड चाळिसाव्या वर्षीच मरण पावला. त्याचा वारस पाचवा एडवर्ड बारा वर्षांचा, आणि धाकटा मुलगा रिचर्ड नऊ वर्षांचा. मुलगा वयात येईपर्यंत काकाने राज्याची देखरेख करावी अशी मरणाऱ्या राजाची इच्छा होती, असे तत्कालीन लेखक सांगतात. परंतु राणी एलिझाबेथ आणि तिच्या माहेरची मंडळी यांच्या हाती बाळराजा होता, आणि ही मंडळी जुन्या सरदारांना डोळ्यांत सलत होती. येथून पुढच्या अकरा आठवड्यांत जे घडले त्याचा क्रम नीट पाहिला पाहिजे. एप्रिलच्या अखेरीस बाळराजा लंडनकडे येत असता रिचर्डने वाटेत त्याला आपल्या ताब्यात घेतले आणि त्याचा मामा लॉर्ड रिव्हर्स याला कैद केले. राणीने धाकट्या मुलाला घेऊन वेस्टमिन्स्टरच्या मठात आश्रय घेतला. १३ जून रोजी लॉर्ड हेस्टिंग्ज या मृत राजाच्या जिवलग मित्राला भर मसलतीतून पकडण्यात आले आणि चौकशीवाचून त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला. १६ जूनला धाकटा मुलगाही मठातून बाहेर काढून टॉवरच्या किल्ल्यात भावाजवळ पोहोचविण्यात आला. २२ जूनला एका धर्मोपदेशकाने लंडनमध्ये जाहीर प्रवचन करून मृत राजाची मुले अनौरस असल्याचे सांगितले. २५ जूनला रिव्हर्सचा शिरच्छेद झाला, २६ जूनला रिचर्डने राज्यपद स्वीकारले आणि ६ जुलैला त्याला राज्याभिषेक झाला.

मुले अनौरस कशी? तर चौथ्या एडवर्डने राणीशी विवाह करण्यापूर्वी एलिनॉर बटलर या सरदारकन्येला विवाहाचे वचन दिले होते, म्हणून पुढचा विवाह धर्माने अवैध, असे कारण देण्यात आले. त्या काळच्या धर्मनियमांप्रमाणे हा आक्षेप अगदीच हास्यास्पद नव्हता, आणि चौथ्या एडवर्डचा स्वभाव पाहता ती गोष्ट अशक्यही नव्हती. पण एलिनॉर १४६८ मध्येच वारली होती, राजाही आता नव्हता, आणि असल्या प्रश्नाचा निकाल ज्या धर्मपीठाने द्यावयाचा त्याच्यापुढे तो नेलाच गेला नाही. ज्याला त्या निकालाचा लाभ होणार होता त्याच्याच बळावर तो लागला. येथे रिचर्डच्या बाजूचा वकीलही थोडा अडखळेल असे आम्हांला वाटते.

त्या दोन मुलांचे पुढे काय झाले? डॉमिनिक मँचिनी नावाचा एक इटालियन विद्वान त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता. जुलैमध्ये तो इंग्लंड सोडून गेला आणि डिसेंबर १४८३ मध्ये त्याने आपली हकीकत लिहून पुरी केली. तो सांगतो की, मुलांना किल्ल्याच्या आतल्या दालनांत हलविण्यात आले. गजांआडून, खिडक्यांतून ती दिवसेंदिवस कमी दिसू लागली आणि शेवटी दिसेनाशी झाली. बाळराजाचे नाव निघताच डोळ्यांत पाणी आलेली माणसे आपण पाहिली, असेही तो म्हणतो. त्याला मारले असावे असा संशय लोकांत होता. पण मारले का, आणि कसे, हे आपल्याला कळले नाही, असे तो प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. त्यानंतर ती मुले कोणाच्या दृष्टीस पडल्याचा निर्विवाद पुरावा नाही.

आता राजा म्हणून रिचर्डने काय केले ते पाहू. १४८४ च्या आरंभी भरलेले त्याचे एकमेव पार्लमेंट हे त्याच्या पक्षपात्यांचे मोठे भांडवल आहे, आणि ते योग्यच आहे. संशयावरून पकडलेल्या माणसाला जामिनावर सुटता यावे आणि दोष सिद्ध होण्यापूर्वीच त्याची मालमत्ता जप्त होऊ नये, असा कायदा त्या पार्लमेंटाने केला. ज्यूरीत कोणाही भुरट्याला बसवून निकाल फिरविला जाऊ नये म्हणून पंचांची पात्रता ठरविली. 'स्वेच्छादान' या गोंडस नावाखाली राजा प्रजेकडून जो पैसा उकळीत असे तो प्रकार बंद केला. परदेशी व्यापाऱ्यांवर निर्बंध घालताना छापील पुस्तके आणणाऱ्यांना व विकणाऱ्यांना त्यांतून वगळले. छापखाना इंग्लंडात येऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती, हे लक्षात घेता या सवलतीचे मोल कळते. पण चित्राची दुसरी बाजूही आहे. पुढच्याच वर्षी पैशाची नड भासताच त्याने श्रीमंतांकडून सक्तीची कर्जे काढली, आणि दक्षिणेतल्या बंडखोरांच्या जमिनी आपल्या उत्तरेकडच्या माणसांना वाटून तेथील लोकांची मने दुखविली. ही तक्रार क्रोलंडच्या मठातल्या बखरीत नोंदलेली आहे.

दैवही त्याला फिरले. एप्रिल १४८४ मध्ये त्याचा एकुलता औरस मुलगा वारला. मार्च १४८५ मध्ये राणी ॲन गेली. तिला राजानेच विष घातले आणि आता तो सख्ख्या पुतणीशी लग्न करणार, अशी कुजबुज इतकी वाढली की, हे खोटे आहे असे राजाला लंडनकरांपुढे स्वतः जाहीर करावे लागले. ऑगस्टमध्ये लँकेस्टर पक्षाचा हेन्री ट्यूडर फ्रान्सहून वेल्सच्या किनाऱ्यावर उतरला. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थ येथे लढाई झाली. तीत रिचर्डचा एक सरदार जागचा हलला नाही आणि ऐन वेळी सर विल्यम स्टॅन्ली शत्रूला मिळाला. रिचर्ड निवडक स्वारांनिशी थेट हेन्रीवर चालून गेला आणि लढत लढत पडला. वय ३२. रणांगणावर मेलेला हा इंग्लंडचा शेवटचा राजा. त्याच्या शौर्याची कबुली त्याच्या निंदकांनीही दिली आहे. त्याचे प्रेत विवस्त्र करून घोड्यावर टाकून लेस्टरला नेले आणि तेथील एका मठात घाईघाईने पुरले.

येथे राजाचे चरित्र संपते आणि त्याच्या अपकीर्तीचे चरित्र सुरू होते. सातवा हेन्री म्हणून गादीवर बसलेल्या ट्यूडरचा वारसाहक्क अगदीच तोकडा होता. त्याने आपल्या कारकिर्दीचा आरंभ २१ ऑगस्ट, म्हणजे लढाईचा आदला दिवस, असा धरला. हेतू हा की, रिचर्डच्या बाजूने लढलेले सारे राजद्रोही ठरावेत. त्याला चौथ्या एडवर्डच्या मुलीशी लग्न करावयाचे होते. म्हणून ती मुले अनौरस ठरविणारा कायदा त्याने पार्लमेंटात न वाचताच रद्द करविला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याची आज्ञा दिली. पण मुलगी औरस ठरली की तिचे भाऊही औरस ठरतात, आणि ते जिवंत असल्यास राज्य त्यांचे! तेव्हा ते दोघे मेलेले असणे ही नव्या राजाची गरज होती. आश्चर्य असे की, १४८५ च्या पार्लमेंटात रिचर्डवर जे आरोप ठेवले त्यांत बालकांचे रक्त सांडल्याचा मोघम उल्लेख तेवढा आहे. त्या दोन मुलांची नावे त्यात नाहीत.

वारा फिरताच लेखणी कशी फिरते याचा मासला म्हणून जॉन राऊस या लेखकाचे उदाहरण देण्यासारखे आहे. रिचर्डच्या हयातीत त्याने एका सचित्र वंशावळीत हा राजा प्रजेला छळणाऱ्यांना शासन करणारा म्हणून त्याची स्तुती केली. बॉसवर्थनंतर त्यानेच लिहिले की, हा राजा दोन वर्षे आईच्या पोटात होता आणि दात व खांद्यापर्यंत केस घेऊनच जन्माला आला. वंशावळीच्या स्वतःजवळच्या लॅटिन प्रतीत त्याने दुरुस्ती केली. पण इंग्रजी प्रत हातची गेलेली होती, म्हणून तिच्यातली स्तुती तशीच राहिली. पुढे पॉलिडोर व्हर्जिल याने सातव्या हेन्रीच्या सांगण्यावरून इंग्लंडचा इतिहास लिहिला. सर टॉमस मोर याने रिचर्डचे चरित्र लिहावयास घेऊन अर्धेच टाकले. घटना घडल्या तेव्हा मोर पाच वर्षांचा होता, आणि त्याचे काही बालपण रिचर्डचा वैरी कार्डिनल मॉर्टन याच्या घरी गेले होते. सर जेम्स टिरेल याने उशा दाबून मुलांचा जीव घेण्याची व्यवस्था केली ही प्रसिद्ध कथा मोरच्या या पुस्तकातली. तेथून ती इतर इतिहासकारांच्या ग्रंथांत आणि त्यांच्यावरून शेक्सपिअरच्या नाटकात उतरली. ते नाटक १५९० च्या दशकाच्या आरंभी ट्यूडर राणी एलिझाबेथच्या अमदानीत झाले. नाटककाराने आपले काम केले. त्याच्याकडून इतिहासाचा निवाडा मागण्यात अर्थ नाही.

ट्यूडर घराणे संपताच उलट लाट सुरू झाली. सर जॉर्ज बक याने सतराव्या शतकात रिचर्डचे समर्थन लिहिले. १७६८ मध्ये होरेस वॉल्पोलने जुन्या आरोपांविषयी शंकांची मालिकाच उभी केली. १९०६ मध्ये सर क्लेमंट्स मार्कहॅम याने तर खुनाचा आळ उलट सातव्या हेन्रीवरच घातला. हा मार्कहॅम म्हणजे कोयनेल ज्यापासून निघते ते सिंकोनाचे झाड १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून आणून आपल्या निलगिरीच्या डोंगरात लावणारा गृहस्थ. १९५१ मध्ये जोसेफिन टे हिच्या 'द डॉटर ऑफ टाइम' या कादंबरीने रिचर्डची बाजू घरोघर नेली. समर्थकांचे म्हणणे थोडक्यात असे : सारी अपकीर्ती ट्यूडरांची रचना; कुबडही खोटे आणि खूनही खोटा. राजाचे एक जुने चित्र क्ष-किरणांनी तपासले तेव्हा खांद्याची रेघ मागाहून रंगवून वर चढविलेली आढळली, हा त्यांना आणखी एक पुरावाच मिळाला.

आणि मग पुराव्याने दोन्ही पक्षांची फजिती केली. पहिला धक्का समर्थकांना बसला. मँचिनीची जी हकीकत वर सांगितली ती फ्रान्समधील लील येथील ग्रंथालयात सापडून १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे मुलांविषयीचा संशय ट्यूडरांनी मागाहून पिकविलेला नव्हता. ते गादीवर येण्यापूर्वी दोन वर्षे तो लंडनच्या रस्त्यांत होता. जानेवारी १४८४ मध्ये फ्रान्सच्या चॅन्सेलरनेही आपल्या देशाच्या सभेपुढे तोच आरोप उघड केला होता.

दुसरा धक्का दोघांनाही बसला. लेस्टरचा तो मठ १५३८ मध्ये मोडला गेला होता आणि राजाची हाडे नदीत फेकली गेली अशी समजूत होती. २०१२ मध्ये मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखाली, मठाच्या प्रार्थनामंदिराच्या जागी, एक सांगाडा सापडला. रिचर्डच्या बहिणीच्या मातृवंशातील हयात व्यक्तींशी जनुकीय तपासणी जुळली, आणि ४ फेब्रुवारी २०१३ रोजी लेस्टर विद्यापीठाने हा तिसरा रिचर्डच असल्याचे जाहीर केले. सांगाड्यावर मरतेवेळच्या किमान अकरा जखमा होत्या. त्यांतल्या नऊ कवटीवर. पाठीचा कणा बाजूला वाकलेला होता, म्हणून उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता. पण कुबड नव्हते आणि हात वाळलेला नव्हता. म्हणजे निंदकांनी खऱ्या व्यंगाचे राक्षसी रूप केले होते, आणि समर्थकांनी निंदेबरोबर खरे व्यंगही पुसून टाकले होते. जन्मभर शास्त्रोक्त संशय घेणाऱ्यांनीही तो संशय आपल्या आवडत्या मतावर कधी घेतला नव्हता. २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्या अस्थींना सन्मानाने मूठमाती देण्यात आली.

हाडांनी पाठीचा प्रश्न सोडविला. पुतण्यांचा सोडविला नाही. बकिंगहॅमने मारले, हेन्रीने मारले, मुले मारलीच गेली नाहीत व परदेशी पोहोचली, असे सारे तर्क झालेले आहेत आणि आजही होत आहेत. यांतला कोणताही शेवटाला गेलेला नाही. टिरेलचा कबुलीजबाब म्हणून जो सांगतात त्याचा कागद कोणी पाहिलेला नाही. न्यायालयाच्या कसोटीने पाहिले तर रिचर्डवर खून शाबीत होत नाही, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो.

पण इतिहासाची कसोटी तेवढीच नाही. ती मुले काकाच्या स्वाधीन होती. त्यांचे रक्षण करण्याची शपथ त्याने घेतली होती. १४८३ च्या शरद ऋतूत ती मेल्याची वार्ता देशभर पसरली, तिच्या बळावर बंड उठले, आणि बंडखोरांनी बाळराजाचे नाव सोडून हेन्रीला पुढे केले. त्या वेळी मुले जिवंत असती तर त्यांना एकदा लंडनच्या रस्त्यातून मिरवून आणणे एवढेच राजाला करावयाचे होते. बंडाचा निम्मा जोर तेथेच ओसरला असता. विषप्रयोगाच्या कुजबुजीला जाहीर उत्तर देणारा हा राजा या आरोपाविषयी अखेरपर्यंत गप्प राहिला. खून कोणाच्या हातून झाला हे सांगता न आले तरी ठेव कोणाकडे होती हे सांगता येते, आणि ठेवीचा हिशेब रिचर्डने दिला नाही. जामिनाचा कायदा चांगला होता, यॉर्कमधला कारभार चांगला होता, बॉसवर्थवरचे मरण शूराचे होते; हे सारे त्याच्या जमेला मांडावे. मात्र त्या जमेतून हा खर्च वजा करता येत नाही, आणि या खर्चापायी ती जमा खोडताही येत नाही. दोन्ही रकमा त्यांच्या त्यांच्या जागी लिहिल्या पाहिजेत.

लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, २३ ऑगस्ट १४८५ रोजी, यॉर्कच्या नगरसभेने राजा मारला गेल्याचे आणि त्यामुळे शहराला मोठे दुःख झाल्याचे आपल्या दप्तरात नोंदविले. जेता दारात येऊन ठेपला असता ही नोंद करण्यास धैर्य लागले असेल. रिचर्डला असे साक्षीदार मिळाले. त्या दोन मुलांच्या वाट्याला मात्र वेस्टमिन्स्टर ॲबीतला एक संगमरवरी कलश आला. टॉवरच्या एका जिन्याखाली १६७४ मध्ये सापडलेली हाडे त्यांचीच समजून त्यात ठेवली आहेत, आणि काकाने त्यांना मारले असे त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे. १९३३ मध्ये तो कलश एकदा उघडून पाहिला गेला. नव्या पद्धतीची जनुकीय तपासणी आजवर झालेली नाही. ती हाडे कोणाची हे ठाऊक नसतानाच दगडावर निकाल कोरून झालेला आहे.